सुरकुती नसलेली चादर

धुलाईघरात दुपारी डबे उघडायच्या आधी देवाची हजेरी घ्यायची पद्धत होती. ती कुणी पाडली हे विचारायची गरज नव्हती. पाडणारी बाई टेबलाच्या टोकाला बसून सगळ्यांकडे अशी बघायची, जणू पगार तिच्याच हातून निघतो.

"हं, बोला. आज कुठे दिसला?"

कोण, हे विचारायची सोय नव्हती. ज्याने त्याने सकाळपासूनचा दिवस चाचपायचा आणि त्यातून काहीतरी काढून टेबलावर ठेवायचं. भूक लागलेली असल्यामुळे कुणी वाद घालत नसे.

इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर काम करणारे मामा पहिले सुटायचे. "आज बसमध्ये जागा मिळाली. त्यात दिसला."

"कालही बसच होती, मामा. देव काय कंडक्टर आहे?"

"कंडक्टरने कधी कुणाला जागा दिलीय? म्हणजे त्याच्या वरचाच कुणीतरी असणार."

मुकादमाचा देवावर विश्वास नव्हता, पण जेवायचं सगळ्यांबरोबरच होतं. तो म्हणायचा, "बॉयलर अजून फुटला नाही. यापुढे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

"लागली हजेरी," ती म्हणायची आणि डब्यांची झाकणं उघडायची. तिचं नाव हजेरीबाई पडलं ते असं. पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि तिला ते बक्षीस मिळाल्यासारखं आवडू लागलं.

बाई लबाड नव्हती. तिला खरंच दिसायचा. जिन्यातला दिवा गेला आणि कुणी न सांगता कुणीतरी नवा बसवला, की तिला दिसला. गळका नळ आपोआप थांबला, की दिसला. मुलगी लग्न करून लांब गेलेली, तिचा फोन येईल तेव्हा येईल. त्या एकट्या खोलीत देवाची ये-जा पुष्कळ होती, कारण दुसऱ्या कुणाची नव्हती. आणि जे आपल्याला मिळतं ते एकटीने ठेवून घ्यायचं नाही, वाटायचं, एवढा तिचा साधा हिशेब होता. मात्र वाटताना कुणी नको म्हटलेलं तिला चालत नसे.

तिच्या समोर उभी राहून चादरींच्या घड्या घालणारी बाई तिला ताई म्हणायची, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. नातं काही नव्हतं. पण दोन टोकं धरून एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा, पुन्हा मागे सरायचं, हे वर्षानुवर्षं केल्यावर नात्यासाठी आणखी काय लागतं? धाकटी कमी बोलायची. हजेरीच्या वेळी "काही विशेष नाही" म्हणायची, आणि हजेरीबाई तिच्या वतीने काहीतरी शोधून द्यायची. "अगं, आज तुझ्या पाठीतली कळ नव्हती ना? मग!"

धाकटीचा नवरा घरं रंगवायचा. पुष्कळ वर्षं रंगाची धूळ आणि वास छातीत भरून घेतला, आणि एक दिवस छातीने सांगितलं की आता जागा नाही. त्याला ज्या हॉस्पिटलात ठेवलं, त्याच्या चादरी याच धुलाईघरात यायच्या.

तिथल्या गादीवरसुद्धा तो रंगारीच होता. "ही भिंत कुणी रंगवली?" आयाला विचारायचा. "एकच हात दिलाय चोरानं. दुसरा कुणाच्या घरी दिला?" एवढं बोलून त्याला बराच वेळ दम लागायचा. नव्या चादरी त्याच्या पाठीला खरखरायच्या. म्हणून धाकटीने धुऊन धुऊन पार मऊ पडलेल्या दोन चादरी निवडल्या, कोपऱ्यात लाल दोऱ्याचे टाके घातले आणि आयाला गळ घातली की याच आलटून पालटून त्याच्या गादीवर घालायच्या. हे नियमात बसत नव्हतं. मुकादमाने काणाडोळा केला. तेवढी माणुसकी बॉयलरवाल्या माणसातही असते.

सकाळी हॉस्पिटलच्या थैल्या आल्या की छाननी हजेरीबाईकडे असायची. थैली उपडी करायची, डाग बघायचे, रक्ताचं वेगळं, औषधाचं वेगळं, नुसत्या घामाचं वेगळं. धाकटीला रबरी हातमोज्यांनी पुरळ उठायचं, म्हणून ती या टेबलाला हात लावत नसे. लाल टाक्यांची चादर सापडली की हजेरीबाई ती आधी बाजूला काढायची आणि झटकून बघायची. थैलीत कोंबल्याने पडलेली सुरकुती झटकली की जाते. अंगाखालची जात नाही. ती घामाने बसलेली असते. माणूस किती वेळा कुशीवर वळला, कुठे उठून बसला, पाय कुठे घासले, हे सगळं चादरीवर असतं. ज्याला वाचता येतं त्याला येतं.

धाकटी घड्यांच्या टेबलापाशी, हातातलं काम थांबवून, उभी असायची.

"घाम सुटलाय भरपूर," हजेरीबाई तिकडून सांगायची. "म्हणजे ताप उतरला. येऊन गेला गं तो."

किंवा, "आज मधेच उठून बसलेला दिसतोय. बसायची ताकद आली, बघ!"

ती खोटं बोलत नव्हती. फक्त जमेची बाजू मोठ्याने वाचायची आणि खर्चाची मनात. एकदा उशीच्या बाजूला तपकिरी ठिपका होता, तो तिने औषधात टाकला. धाकटी मान हलवायची आणि घड्या घालू लागायची. संध्याकाळी सुटली की थेट हॉस्पिटल, भेटीची वेळ संपेपर्यंत तिथे, मग घरी स्वयंपाक, धुणी, आणि सकाळी पुन्हा इथे. तिच्या डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं आली होती की मामा एकदा म्हणाले, "पोरी, ही रोलरखाली घातली तरी निघायची नाहीत."

मग तो दिवस आला. लाल टाक्यांची चादर हातात घेतली, झटकली, आणि हजेरीबाई बघतच राहिली. एक सुरकुती नव्हती. घाम नव्हता, पाय घासलेले नव्हते. दोघींनी मिळून घातलेल्या घडीच्या रेषा उभ्या आणि आडव्या तशाच होत्या, जणू चादर नुकतीच उलगडली होती.

"अगं ए! इकडे बघ!" ती ओरडली. मशीनच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू गेलं. "कूस नाही बदलली! झोपला गं! लहान बाळासारखा झोपलाय!"

धाकटीने तोंडावर हात ठेवला. हजेरीबाईने चादर हवेत धरली, दुकानदार नवं कापड दाखवतो तशी. दुपारी टेबलावर तिने कुणाला काही विचारलंच नाही. "आज माझ्याकडे आहे," म्हणाली आणि सगळी चादर पुन्हा तोंडाने उलगडून दाखवली. मामा आपली बस विसरले. मुकादमसुद्धा म्हणाला, "चला, छान झालं."

सुटायच्या वेळी धाकटी पिशवी उचलू लागली तेव्हा हजेरीबाईने तिचा हात धरला.

"आज जाऊ नकोस."

"असं कसं, ताई? ते वाट बघतील."

"झोपलेला माणूस कसली वाट बघतो? तू गेलीस की तो जागा होईल, बोलेल, पुन्हा दम लागेल. आज देव बसलाय ना त्याच्या उशाशी. तुझी पाळी त्याला करू दे की. घरी जा, अंगावर पाणी घे आणि पड. आरशात बघितलंस का स्वतःला?"

धाकटी दारापाशी घुटमळली. कितीतरी दिवसांत तिला कुणी झोप म्हणून सांगितलं नव्हतं.

"उद्या सकाळी जाऊन येईन, कामाच्या आधी," ती म्हणाली.

"जा. निवांत जा."

ती घरी गेली, आंघोळ केली आणि अशी झोपली की पिशवीतला फोन वाजून वाजून थकला. शेवटी रात्री शेजारणीने दार बडवलं. तोवर रंगारी गेला होता.

बाकीचं हजेरीबाईला आयाकडून कळलं, सगळं उरकल्यावर, हॉस्पिटलच्या फाटकापाशी. आयाच्या मनात काही वाकडं नव्हतं, ती आपली डोळे पुसत सांगत होती. आदल्या रात्रीपासून त्याच्या अंगात कूस बदलायचंही त्राण उरलं नव्हतं. जसा ठेवला तसा पडून होता. डोळे मात्र टक्क उघडे. शेवटच्या दिवशी भेटीची वेळ सुरू झाली तेव्हा त्याने विचारलं, "ती आली का?" थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग विचारलं नाही, नुसता दाराकडे बघत राहिला.

हजेरीबाई फाटकापासून घरापर्यंत चालत गेली. बस समोर उभी होती, रिकामी होती, तरी चढली नाही.

धाकटी कामावर परतली तेव्हा ती आधी छाननीच्या टेबलापाशी आली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"ताई, ते झोपले नव्हते. त्यांना हलता येत नव्हतं." एवढं म्हणून ती मुकादमाकडे वळली. "मला रोलरवर द्या."

मुकादमाने दोघींकडे बघितलं, बॉयलरकडे बघितलं आणि तिला रोलरवर दिलं. घड्यांना हजेरीबाईच्या समोर एक नवी बाई आली. ती चांगली होती, पण तिची टोकं जुळायची नाहीत.

लोक धाकटीचं सांत्वन करायला यायचे. हजेरीबाई ऐकत असायची, आणि जे ऐकायची ते तिचंच असायचं. "शांतपणे गेले, देवाची कृपा." "सुटले बिचारे, देवानंच सोडवलं." "तुला त्या दिवशी झोप दिली ना, ते बघायला लागू नये म्हणून." हे शेवटचं पॅकिंगवाली म्हणाली, अगदी मायेने, आणि हजेरीबाईकडे शाबासकीसाठी बघितलं. शिष्य तयार झाले होते. धाकटी म्हणाली, "हो का," आणि रोलरमध्ये चादर सरकवली. हजेरीबाईला आपल्याच दुकानचा माल पहिल्यांदा गिऱ्हाईक होऊन हातात घ्यावा लागला, आणि त्याला कसला वास येतो ते कळलं.

दुपारी तिने हजेरी घेतली नाही. सगळे थांबले. मामांनी घसा साफ केला.

"बाई, आज विचारलं नाहीत."

"तुम्हाला बस मिळाली. कळलं मला. जेवा."

दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याभरात लोकांनी वाट बघणं सोडलं. डबे आपोआप उघडू लागले, बॉयलरच्या, पगाराच्या, मुकादमाच्या नव्या बुटांच्या गप्पा सुरू झाल्या. जेवण आधीएवढंच चवीचं लागत होतं, हे तिला सगळ्यांत जास्त लागलं.

खोलीत ती भिंतीशी भांडायची. "तुझी हजेरी मी लावत आले. तू आलेला नसताना सुद्धा लावली असेन. माझं चुकलं म्हण. पण मला एकदा थांबवायचं तरी! ती पिशवी उचलत होती, पायात चपला होत्या तिच्या. तेव्हा माझी जीभ लुळी पाडायला तुला काय झालं होतं?" सवयीने दिसायचं ते दिसतच होतं: शेजारणीने तिचं वाळत घातलेलं लुगडं पावसाची सर येताच आत घेतलं होतं, घडी घालून कडीला अडकवलं होतं. पूर्वी याची दुपारी गोष्ट झाली असती. आता तिने घडी उचलली आणि न बघता कपाटात कोंबली.

तिला धाकटी परत हवी होती. देवाचं नंतर बघता आलं असतं. एक दिवस ती रोलरपाशी गेली. "मी चुकले गं. मी तुला जाऊ दिलं नाही."

धाकटी चादरीच्या कडेकडे बघत होती. "मामा, तुमची बाजू ओढा. तिरकी जातेय."

मामांनी बाजू ओढली. ती तिरकी नव्हती.

मग एकदा बॉयलर बंद पडला. फुटला नाही, नुसता बसला, म्हाताऱ्या बैलासारखा. वाफ नाही म्हणून रोलर थंड, मशीन थंड. एरवी कान फाटायचे तिथे माणसांच्या चपला ऐकू येऊ लागल्या. मुकादम आणि मामा पान्हे घेऊन मागे गेले. हजेरीबाई छाननी करत होती, कारण तिला वाफ लागत नव्हती. समोर सावली पडली म्हणून तिने वर बघितलं.

"सांगा," धाकटी म्हणाली.

"काय?"

"त्या चादरी. खऱ्या होत्या तशा."

हजेरीबाईने हातमोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. "अगं, तो होता तिथे, मला वाटायचं की देव..."

"देवाचं सोडा. चादरीचं सांगा."

बाईला बोलायला कधी शब्द कमी पडले नव्हते. आता एकेक शोधावा लागत होता.

"घाम असायचा. ताप उतरल्याचा नाही. दम लागल्याचा. फक्त पाठीच्या वरच्या भागात."

"हं."

"उठून बसायचे ते ताकद आली म्हणून नाही. आडवं पडून श्वास पुरत नसावा. मधोमध खळगा असायचा. बराच वेळ बसल्याचा."

"मला म्हणायचे, छान झोप लागली."

"उशीच्या बाजूला एकदा ठिपका होता. मी औषध म्हणाले. ते रक्त होतं."

"माहीत होतं मला."

हजेरीबाईने मान वर केली. "माहीत होतं?"

"ताई, मी पण धुलाईघरातच काम करते. लांबून का होईना, रंग दिसतो. तुम्ही औषध म्हणालात, मी म्हटलं, असेल. तुम्ही म्हणताय तर असू दे. मला पण तेच हवं होतं." तिने टेबलाची कड धरली. "अजून?"

"उजवी कड. रोज. पिळलेली असायची, दोरीसारखी. मुठीत घट्ट धरून ठेवल्यासारखी. बोटांच्या जागा दिसायच्या."

"मी डाव्या बाजूला बसायचे," धाकटी म्हणाली. "डावा हात माझ्या हातात असायचा. उजवा पांघरुणात. मला वाटायचं, गार लागतंय म्हणून." तिने आपल्या हाताकडे बघितलं. "म्हणजे माझ्यासमोरच दुखत होतं."

हजेरीबाईच्या तोंडात वाक्य तयार होतं. तुला दिसू नये म्हणून त्याने लपवलं, केवढी माया, बघ, त्यातच तो दिसतो. छान वाक्य होतं, टेबलावर ठेवलं असतं तर सगळ्यांनी डबे उघडले असते. तिने ते गिळलं.

"आणि ती शेवटची?"

"ती सपाट होती."

"हातात घेतलीत तेव्हा ऊब होती तिला?"

हा प्रश्न विचारताना धाकटीने तिच्या तोंडावरून नजर हलवली नाही. आणि बाईला कळलं की हो म्हणायला काही लागत नाही. एवढासा शब्द. कुणी तपासायला येणार नाही, आणि ही बिचारी ती ऊब जन्मभर सांभाळून ठेवील.

"नव्हती," ती म्हणाली. "थैलीत राहून सगळ्याच गार पडतात. त्याच्या आधीच्याही गारच असायच्या."

धाकटीचा श्वास सुटला. रडली नाही. खुर्ची ओढून टेबलाच्या पलीकडे बसली, मळक्या चादरींच्या ढिगाच्या आडून तिचं अर्धंच तोंड दिसत होतं.

"तुम्ही त्यांची चादर सगळ्यांच्या आधी काढायचात."

"हो. मुकादम ओरडायचा, ओळीने घ्या म्हणून."

"रोज?"

"रविवारी थैल्या येत नाहीत. सोमवारी दोन्ही एकदम यायच्या. मग कुठली कधीची, ते नीट कळायचं नाही."

"म्हणजे रोज सकाळी कुणीतरी बघत होतं." तिच्या आवाजात उपकार मानल्यासारखं काही नव्हतं. हिशेबात राहून गेलेली एक नोंद करावी तशी ती बोलली. "मला वाटायचं, त्यांचं ते सगळं कुणी बघितलंच नाही. मी तर डाव्या बाजूला होते."

हजेरीबाईला काहीतरी जाणवलं. ते कधी जाणवतं, कसं जाणवतं, हे तिला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. जिन्यातल्या दिव्यापाशी जाणवायचं तेच होतं, फक्त या वेळी त्यात आनंद नव्हता. सांगावंसं वाटलं नाही असं नाही. तिने हातमोजे चढवले.

मागून मामांची आरोळी आली आणि पाइपांत वाफ शिरल्याचा आवाज झाला. धाकटी उठली.

"उरलेल्या उद्या सांगा. पहिल्या दिवसापासून. आणि गाळू नका काही."

"काही दिवस आठवत नाहीत गं मला."

"मग आठवत नाही असं सांगा," धाकटी म्हणाली आणि रोलरकडे गेली.

दुपारी टेबलावर मामांनी बॉयलर कसा काबूत आणला त्याची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, मुकादमाने ती मधेच तोडून स्वतःची सांगितली, आणि सगळे हसले. धाकटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून जेवत होती. हजेरीबाईचा डबा बंदच होता. लाल टाक्यांची चादर पहिल्यांदा आली तो कोणता वार होता, हे ती आठवत होती.